‘माइंडबेंडर’ : एका बंदिस्त रोलर कोस्टरचा इतिहास आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न (१९८५–२०२३)

सारांश

कॅनडातील एडमंटन शहराच्या ‘वेस्ट एडमंटन मॉल’ या व्यापारसंकुलात १९८५ साली ‘माइंडबेंडर’ नावाचा रोलर कोस्टर छपराखाली उभारण्यात आला. १४ जून १९८६ रोजी त्यावर झालेल्या अपघातात तीन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. दुरुस्तीनंतर १९८७ ते २०२३ असा दीर्घकाळ तो चालला आणि जानेवारी २०२३ मध्ये कायमचा बंद झाला. प्रस्तुत निबंधात या यंत्राची जडणघडण, त्यामागील आर्थिक प्रेरणा, अपघाताची कारणे आणि त्यानंतरची वाटचाल यांचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे. यंत्राची सुरक्षितता ही एकदाच घडवून ठेवलेली वस्तू नसून निर्मात्याकडून मालकाकडे आणि मालकाकडून देखभाल करणाऱ्या कामगाराकडे सतत पोहोचत राहावी लागणारी विद्या आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रोलर कोस्टर, व्यापारसंकुल, तंत्रज्ञानाचा इतिहास, देखभाल, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

करमणुकीच्या साधनांचा इतिहास हा आपल्याकडे गंभीर अभ्यासाचा विषय मानला जात नाही. नाटक, चित्रपट, तमाशा यांचे इतिहास लिहिले गेले. परंतु जत्रेतील पाळणे, ‘मौत का कुआ’, फिरती चक्रे यांना इतिहासात क्वचितच जागा मिळाली. वास्तविक पाहता, सामान्य माणूस आपला जीव एखाद्या अपरिचित यंत्राच्या स्वाधीन स्वेच्छेने आणि पैसे मोजून करतो, असे प्रसंग समाजजीवनात थोडेच असतात. पाळण्यात बसणाऱ्याला त्याची जोडणी कोणी केली, बोल्ट कोणी आवळले, तपासणी कोणी केली हे ठाऊक नसते. त्याचा विश्वास कोणा एका व्यक्तीवर नसतो. तो एका संपूर्ण व्यवस्थेवर असतो. ही व्यवस्था कशी घडते आणि कोठे तुटते, हे पाहण्यासाठी ‘माइंडबेंडर’चा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जवळपास याच नावाचा एक रोलर कोस्टर १९७८ सालापासून आहे व तोही याच जर्मन निर्मात्याचा आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र कॅनडातील बंदिस्त, म्हणजे संपूर्णपणे इमारतीच्या आत असलेला रोलर कोस्टर हाच आहे.

२. पूर्वपीठिका : बर्फाच्या उतारापासून पोलादी वळशापर्यंत

रोलर कोस्टरचे मूळ रशियातील बर्फाच्या कृत्रिम घसरगुंड्यांत सापडते. लाकडी सांगाड्यावर बर्फाचा थर चढवून तयार केलेल्या उतारावरून लोक घसरत येत. ही कल्पना पुढे फ्रान्समध्ये गेली. १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या असलेले असे उतार सुरू झाले. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन पर्वत’ अशा अर्थाचा शब्द आहे. अमेरिकेत १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन याने न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे पाच सेंट भाड्यात बसता येणारी ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली आणि या करमणुकीला व्यवसायाचे रूप प्राप्त झाले.

प्रवाशाला उलटे करणारा उभा वळसा घालण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. १८४६ साली पॅरिसमध्ये आणि १८९५ साली कोनी आयलंड येथे असे वळसे बांधले गेले. परंतु हे वळसे पूर्ण वर्तुळाकार होते. सरळ रुळावरून वर्तुळात शिरणाऱ्या गाडीवर क्षणार्धात प्रचंड बल येते. आदर्श स्थितीत, घर्षण नाही असे मानले, तर वर्तुळाकार वळसा जेमतेम पूर्ण करणाऱ्या प्रवाशाला तळाशी स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो, असे साध्या गणिताने सिद्ध होते. या वळशांमुळे प्रवाशांच्या माना दुखावत आणि लवकरच त्यांची लोकप्रियता ओसरली.

या अडचणीवर टिकाऊ उपाय जर्मनीत निघाला. बव्हेरियातील म्युन्स्टरहाउझेन येथील निर्माते आंटोन श्वार्झकोफ (१९२४–२००१) आणि अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी वर्तुळाऐवजी क्लोथॉईड वक्राचा उपयोग केला. या वक्राची त्रिज्या तळाशी मोठी असते व माथ्याकडे क्रमाक्रमाने लहान होत जाते. त्यामुळे भार एकदम न येता हळूहळू वाढतो आणि सहन करता येतो. रेल्वेमार्गांची व महामार्गांची वळणे आखताना हाच वक्र वापरला जातो. १९७६ साली कॅलिफोर्नियातील ‘मॅजिक माउंटन’ उद्यानात या दोघांनी उभारलेला ‘रेव्होल्यूशन’ हा अशा वळशाचा आधुनिक काळातील पहिला यशस्वी पोलादी रोलर कोस्टर होय. पुढील दशकभर श्वार्झकोफ हे नाव या क्षेत्रात कौशल्याचे प्रतीक मानले गेले. ‘माइंडबेंडर’च्या अपघाताचा विचार करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, हे यंत्र नवशिक्यांनी बनविलेले नव्हते.

३. छपराखालील करमणूक आणि तिची आर्थिक प्रेरणा

रोलर कोस्टर इमारतीच्या आत नेण्यामागे दोन भिन्न हेतू होते. पहिला हेतू रंगभूमीसारखा आहे. १९७५ साली फ्लोरिडातील डिझ्नी उद्यानात ‘स्पेस माउंटन’ सुरू झाला. तेथे इमारतीचा उपयोग अंधारासाठी केला होता. पुढचे वळण दिसत नसल्याने मध्यम वेगही भीतिदायक वाटतो. महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ उद्यानातील ‘डीप स्पेस’ हा बंदिस्त कोस्टर याच परंपरेतला आहे.

दुसरा हेतू निव्वळ व्यापारी होता. हवामान कसेही असले तरी ग्राहकाने यावे, दिवसभर राहावे आणि खरेदी करावी, यासाठी करमणूक दुकानांच्या शेजारी आणण्यात आली. या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग १९७५ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ‘ओल्ड शिकागो’ या नावाने झाला. एकाच छपराखाली दुकाने आणि रोलर कोस्टरसह करमणूक उद्यान असे त्याचे स्वरूप होते. अवघ्या पाच वर्षांत, १९८० साली, ते बंद पडले.

हा फसलेला प्रयोग एडमंटनमध्ये यशस्वी झाला, याला स्थानिक कारणे होती. अल्बर्टा प्रांताची राजधानी असलेले हे शहर सुमारे ५३ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. तेथील हिवाळ्यात तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकते. १९७० च्या दशकात तेलाच्या वाढत्या किमतींमुळे प्रांतात पैसा खेळू लागला होता. इराणमधून येऊन गालिच्यांच्या व्यापारात स्थिरावलेल्या घेर्मेझियन कुटुंबाने आपल्या ‘ट्रिपल फाइव्ह’ या कंपनीमार्फत १९८१ साली ‘वेस्ट एडमंटन मॉल’ सुरू केला. १९८३ साली दुसऱ्या टप्प्यात ‘फँटसीलँड’ हे करमणूक उद्यान आणि बर्फावरील क्रीडांगण आले. १९८५ च्या तिसऱ्या टप्प्यात जलक्रीडा उद्यान, कृत्रिम तळे, त्यात कोलंबसच्या ‘सांता मारिया’ जहाजाची प्रतिकृती आणि पर्यटकांसाठी चार पाणबुड्या आल्या. कॅनडाच्या नौदलाकडे त्या वेळी तीनच पाणबुड्या होत्या, त्यामुळे मॉलची संख्या देशापेक्षा अधिक असल्याचे कौतुकाने सांगितले जाई. २००४ पर्यंत हा जगातील सर्वांत मोठा मॉल गणला जात होता.

जे जे सांगायचे ते ‘जगातील सर्वांत मोठे’ अशाच शब्दांत सांगण्याची ही रीत होती. ‘माइंडबेंडर’चा जन्म या रीतीतून झाला. छपराखालील सर्वांत उंच रोलर कोस्टर असे बिरुद त्याला लाभले आणि ते त्याने अनेक वर्षे मिरविले.

४. यंत्राची घडण

‘माइंडबेंडर’ची रचना पूर्णपणे नवी नव्हती. श्वार्झकोफ यांनी जर्मनीतील फिरत्या जत्रांसाठी ‘द्रायर लूपिंग’ म्हणजे ‘तीन वळशांचा’ अशा नावाचा एक सुटा करून नेता येणारा कोस्टर तयार केला होता. ‘माइंडबेंडर’ ही त्याचीच आरशातील प्रतिमेसारखी उलट बाजूने मांडलेली आणि किंचित उंच आवृत्ती होती. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या जत्रेतील यंत्राने येथे व्यापारसंकुलात कायमचा मुक्काम केला, असे म्हणता येईल.

त्याची उंची सुमारे ४४ मीटर, म्हणजे चौदा मजली इमारतीएवढी होती. रुळाची लांबी जवळजवळ १,२८० मीटर होती. पहिला उतार सुमारे ३८.७ मीटरचा आणि सर्वाधिक वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर होता. प्रवाशाला जाणवणारा कमाल भार त्याच्या वजनाच्या पाचपटीहून किंचित अधिक असे. मर्यादित जागेत हा सगळा पसारा बसविण्यासाठी रूळ स्वतःभोवतीच गुंडाळल्यासारखे वळवून घेतले होते आणि ते इमारतीच्या खांबांमधून जात होते.

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते, हे येथे लक्षात घ्यावयाचे आहे. साखळीने गाडी माथ्यावर ओढली जाते व त्यानंतर तिच्याजवळ उंचीमुळे मिळालेली ऊर्जा हीच सारी पुंजी असते. ३८.७ मीटरच्या उताराचे गणित केले, तर घर्षणाविना वेग ताशी सुमारे ९९ किलोमीटर येतो. प्रत्यक्षातील वेग जवळजवळ तितकाच होता. म्हणजेच चाके निर्दोष फिरत असतील तर ऊर्जेचा ऱ्हास फारच अल्प होतो, आणि पुढचा प्रत्येक वळसा या काटकसरीवर विसंबून आखलेला असतो. पुंजीतील मोठा भाग वाटेत वाया गेला, तर गाडी वळशाच्या माथ्यापलीकडे जाऊ शकत नाही. ती मागे घसरते.

दुसरी बाब चाकांच्या रचनेची. रुळावर धावणारी, रुळाच्या बाजूला टेकणारी आणि रुळाच्या खालून पकड घेणारी अशा तीन प्रकारच्या चाकांचा संच प्रत्येक डब्याला असतो. खालून पकडणाऱ्या चाकाची कल्पना अमेरिकी अभियंता जॉन मिलर याने १९१९ च्या सुमारास रूढ केली. गाडी उलटी झाली तरी रुळावर राहते ती या चाकांमुळे. त्यामुळे चाकांचा संच डब्याला ज्या बोल्टांनी जोडलेला असतो, ते बोल्ट आकाराने लहान असले तरी त्यांच्यावर सर्व प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

५. १४ जून १९८६

कोस्टर सुरू होऊन काही महिनेच झाले होते. १४ जून १९८६ हा शनिवार होता. सायंकाळी चार डब्यांची एक गाडी प्रवाशांना घेऊन निघाली. फेरी चालू असताना शेवटच्या डब्याच्या मागील बाजूचा चाकांचा संच बोल्ट नाहीसे झाल्यामुळे रुळावरून सुटला. मोकळा झालेला डबा वेडावाकडा हेलकावू लागला आणि आजूबाजूच्या आधारांवर आदळत गेला. या धडकांनी प्रवाशांच्या मांडीवरील सुरक्षा-दांडे उघडले गेले व काही प्रवासी बाहेर फेकले गेले.

या ओढाताणीत गाडीची ऊर्जा झपाट्याने खर्ची पडली. ती तिसऱ्या व शेवटच्या वळशात शिरली, परंतु तो पूर्ण करण्याइतका वेग तिच्यात उरला नव्हता. माथ्याजवळ थबकून ती उलट दिशेने मागे घसरली आणि शेवटचा डबा काँक्रीटच्या खांबावर आदळला. तीन प्रवासी मरण पावले आणि चौथा प्रवासी अत्यंत गंभीर जखमी झाला. त्याचे प्राण कसेबसे वाचले.

या घटनेत स्थळाचे महत्त्व दुर्लक्षिता येत नाही. उघड्या मैदानातील रोलर कोस्टरलाही पोलादी आधार असतातच. परंतु येथे इमारतीचा खांब हा त्या यंत्राच्या परिसराचा अपरिहार्य भाग बनला होता. शिवाय हा मृत्यू एका बाजारपेठेत घडला. सुट्टीच्या दिवशी खरेदीसाठी आलेली कुटुंबे त्याच छपराखाली होती. हिवाळा आणि बाहेरचे जग विसरायला लावणारी जागा म्हणून ज्या वास्तूची जाहिरात केली जात होती, तिच्याच आत हा अपघात झाला. एडमंटनमधील त्या पिढीच्या स्मरणात तो कायम राहिला, याचे एक कारण हेही असावे.

६. कारणमीमांसा

अपघातानंतर प्रांतिक शासनाने चौकशी केली. चाकांचा संच धरून ठेवणारे बोल्ट सैल होऊन गळून पडले, हे तात्कालिक कारण स्पष्ट झाले. परंतु ‘बोल्ट सैल का झाला’ या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. त्याचे किमान तीन पदर दिसतात.

पहिला पदर यंत्ररचनेचा आहे. पुन्हा पुन्हा उलटसुलट भार येणाऱ्या आणि सतत थरथरणाऱ्या जोडणीत बोल्ट सैल होण्याची प्रवृत्ती असतेच, ही यंत्र अभियांत्रिकीतील प्राथमिक गोष्ट आहे. एक जोडणी सुटली असता तिची जागा घेणारी दुसरी व्यवस्था असावी, हा सुरक्षित रचनेचा नियम आहे. अपघातानंतर गाड्यांची रचना बदलावी लागली, यातच मूळ रचनेतील उणिवेची कबुली आहे.

दुसरा पदर देखभालीचा आहे. सैल झालेला बोल्ट गळून पडण्यापूर्वी दिसू शकतो, हाताला जाणवू शकतो. तो वेळीच सापडावा यासाठीच दैनंदिन तपासणी असते. परंतु कोणता बोल्ट, किती दिवसांनी, किती बलाने आवळायचा आणि कोणती झीज धोक्याची मानायची, हे कामगाराला कोणीतरी सांगितलेले असावे लागते.

येथेच तिसरा पदर समोर येतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कुशल निर्माता असूनही श्वार्झकोफ यांचा उद्योग १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात दिवाळखोरीत सापडला होता. देखभाल व तपासणीसंबंधीची तपशीलवार माहिती मूळ जर्मन भाषेत होती. निर्मात्याच्या आर्थिक कोसळण्यामुळे ती इंग्रजीत भाषांतरित होऊन मॉलपर्यंत पोहोचण्यास विलंब झाला. यंत्र महासागर ओलांडून आले, जोडले गेले, चालूही झाले. परंतु ते कसे सांभाळावे ही विद्या त्याच्या वेगाने आली नाही.

याचा अर्थ मॉलच्या व्यवस्थापनाला दोषमुक्त करावे असा नाही. उलट, यंत्राविषयीची माहिती अपुरी असेल तर ते चालू करण्याआधी थांबण्याचे बंधन मालकावर अधिकच येते. त्याचप्रमाणे परवाना देणाऱ्या शासनयंत्रणेनेही केवळ यंत्र पाहणे पुरेसे नव्हते. यंत्रासोबत आलेली कागदपत्रे आणि ती वाचू शकणारी माणसे आहेत की नाहीत, हेही पाहणे आवश्यक होते. निर्माता म्हणेल, मी यंत्र चांगले बनविले. मालक म्हणेल, मी नामांकित निर्मात्याकडून घेतले. कामगार म्हणेल, मला सांगितले तेवढे मी केले. निरीक्षक म्हणेल, नियमात होते तेवढे मी तपासले. ही चारही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात आणि तरीही तीन माणसे मरू शकतात. उत्तरदायित्वाच्या साखळीत प्रत्येक कडी शाबूत असली, तरी दोन कड्यांमधील जोड तुटलेला असू शकतो.

७. पुनर्रचना आणि पुढील छत्तीस वर्षे

अपघातानंतर कोस्टर मोडीत काढला गेला नाही. गाड्यांची पुनर्रचना करून तो जानेवारी १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. चार डब्यांऐवजी तीन डब्यांच्या गाड्या आल्या. मांडीवरील दांड्याच्या जोडीला खांद्यांवरील आधार व पट्टे आले. त्यानंतर २०२३ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ‘माइंडबेंडर’ चालला आणि या सबंध काळात त्यावर १९८६ सारखी प्राणहानी पुन्हा झाली नाही. तेच रूळ, तेच वळसे, तीच उंची कायम होती. बदल झाला तो गाड्यांत आणि त्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीत. योग्य निगा राखल्यास हेच यंत्र सुरक्षित असू शकत होते, याचा यापेक्षा सबळ पुरावा देता येणार नाही. त्याचबरोबर १९८६ चे मृत्यू अटळ नव्हते, हेही यातूनच सिद्ध होते.

या काळात उद्यानाचे नाव बदलले. ‘फँटसीलँड’ हे नाव आपले असल्याचा दावा डिझ्नी कंपनीने न्यायालयात केला आणि १९९५ साली उद्यान ‘गॅलक्सीलँड’ झाले. नावाच्या मालकीसाठी कायदा किती दक्ष असतो, हे या दाव्यावरून दिसते. बोल्टाच्या निगराणीबाबतही तेवढीच दक्षता अपेक्षित असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

मॉल आणि करमणूक यांच्या संयोगाचा नमुना मात्र जगभर पसरला. त्याच कंपनीने अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९९२ साली ‘मॉल ऑफ अमेरिका’ आणि न्यू जर्सीत २०१९ साली ‘अमेरिकन ड्रीम’ सुरू केला. दोन्ही ठिकाणी छपराखालील रोलर कोस्टर आहेत. दुबईतील एका मॉलमध्येही २०२२ साली असा कोस्टर सुरू झाला. ‘माइंडबेंडर’ एकेकाळी अपवाद होता. नंतर तो एका परंपरेचा आरंभबिंदू ठरला.

८. जुळ्या यंत्राची कथा

‘माइंडबेंडर’ ज्यावरून घडविला गेला, त्या ‘द्रायर लूपिंग’ची पुढील वाटचाल पाहिल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. जर्मनीतील जत्रांमधून फिरल्यानंतर तो मलेशियातील एका उद्यानात गेला, तेथून इंग्लंडमध्ये आला आणि अखेरीस २००७ साली मेक्सिको सिटीतील ‘ला फेरिया’ उद्यानात उभा राहिला; पुढे तो ‘किमेरा’ या नावाने ओळखला गेला. प्रत्येक स्थलांतरात मालक बदलला, देश बदलला, कामगारांची भाषा बदलली, तपासणीचे नियम बदलले. यंत्र तेवढे तेच राहिले आणि वर्षागणिक जुने होत गेले.

२८ सप्टेंबर २०१९ रोजी ‘किमेरा’चा शेवटचा डबा रुळावरून घसरला. दोन प्रवाशांचा मृत्यू झाला व इतर काही जखमी झाले. चौकशीत देखभालीतील हयगय पुढे आली. शहर प्रशासनाने उद्यानाचा परवाना रद्द केला आणि ते कायमचे बंद झाले. त्या जागी २०२४ साली नवे उद्यान सुरू झाले.

दोन्ही घटनांत तेहतीस वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा एकाच आराखड्याचे यंत्र होते, दोन्ही वेळा शेवटचा डबा होता, दोन्ही वेळा देखभालीचा प्रश्न होता. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल का? एडमंटनच्या अपघाताने अल्बर्टातील एका मॉलला धडा शिकविला. तो धडा यंत्राच्या जुळ्या भावासोबत देशोदेशी प्रवास करील, अशी खात्री देणारी व्यवस्था मात्र नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर करमणूक यंत्रांसाठी मानके तयार झाली. परंतु मानक हे कागदावर असते आणि बोल्ट यंत्रावर असतो. दोहोंना जोडणारा माणूस प्रशिक्षित नसेल, तर मानकाची छापील प्रत कपाटातच राहते.

९. अखेर आणि स्मृती

३० जानेवारी २०२३ रोजी ‘वेस्ट एडमंटन मॉल’ने ‘माइंडबेंडर’ कायमचा बंद केल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर तो उतरविण्यात आला. या वार्तेवर लोकांच्या ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्या संमिश्र होत्या. बालपणी पालकांचा हात धरून रांगेत उभे राहिलेल्यांना एक आनंदस्थान नष्ट झाल्याची हळहळ वाटली. दुसऱ्या काहींना १९८६ ची ती संध्याकाळ आठवली. एकाच यंत्राविषयी दोन परस्परविरोधी स्मृती एका शहरात जवळजवळ चार दशके शेजारी शेजारी नांदल्या.

इतिहासकाराने यांपैकी कोणती स्मृती स्वीकारावी? केवळ विक्रमांची नोंद ठेवणारा इतिहास उंची, लांबी, वेग सांगून थांबतो. केवळ अपघाताची नोंद ठेवणारा इतिहास त्या छत्तीस सुरक्षित वर्षांकडे दुर्लक्ष करतो. त्या वर्षांत दररोज सकाळी उद्यान उघडण्यापूर्वी कोणीतरी रुळांवर चढून, दिवा लावून, हाताने चाचपून पाहिले असले पाहिजे. त्या कामगारांची नावे कोणत्याही विक्रमांच्या पुस्तकात नाहीत. तथापि ‘माइंडबेंडर’च्या इतिहासातील सर्वांत दीर्घ प्रकरण त्यांनीच घडविले आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, बंदिस्त रोलर कोस्टर हे साहसाच्या आवडीइतकेच व्यापारी गणितातून निर्माण झालेले यंत्र आहे आणि ‘सर्वांत मोठे’ ठरण्याची घाई त्याच्या जन्माशी जोडलेली असते. दुसरा, १९८६ चा अपघात हा एका बोल्टाचा किंवा एका व्यक्तीचा दोष नव्हता; निर्माता, मालक, कामगार आणि शासन यांच्यामधील माहितीचा प्रवाह खंडित झाल्याचा तो परिणाम होता. तिसरा, १९८७ ते २०२३ या काळाने आणि त्याउलट २०१९ च्या मेक्सिकोतील घटनेने हे दाखवून दिले की, एकाच आराखड्याचे यंत्र निगेप्रमाणे सुरक्षित किंवा प्राणघातक ठरते.

या इतिहासातून आपल्यासाठीही काही बोध आहे. महाराष्ट्रात मॉल, करमणूक उद्याने आणि जत्रांमधील विजेवर चालणारे पाळणे यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे. यांतील अनेक यंत्रे अन्य देशांत बनलेली असतात किंवा एका मालकाकडून दुसऱ्याकडे आलेली असतात. त्यांच्यासोबत त्यांची देखभाल पुस्तिका येते का, ती मराठीत किंवा हिंदीत, म्हणजे पाना हाती धरणाऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत उपलब्ध असते का, हा प्रश्न परवाना देताना विचारला गेला पाहिजे. भाषांतर हे येथे साहित्याचे किंवा अस्मितेचे प्रकरण राहत नाही. ते जीवरक्षणाचे साधन बनते. भाषेच्या अध्यापकांनी आणि अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यांतील यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी यंत्र थांबवतात, पुसतात, तेल घालतात, मग हळदकुंकू वाहतात. या रीतीतील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी यंत्र थांबवून त्याच्याकडे नीट पाहावे ही शिकवण तिच्यात आहेच. माणसे वाहून नेणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ती शिकवण वर्षातून एकदा पाळून भागणार नाही; ती रोज पाळावी लागेल. ‘माइंडबेंडर’चे रूळ आता एडमंटनमध्ये नाहीत. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र जेथे जेथे असा एखादा पाळणा फिरतो, तेथे तेथे शिल्लक आहे.